मुलाला मिनिएचर वॉरगेम शिकवताना: नियम तुमच्याकडे, निर्णय त्याच्याकडे

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा सात वर्षांचा, बाबांच्या कपाटातले वॉरहॅमरचे (छोटे सैनिक टेबलावर मांडून फाशांनी खेळायच्या लढाईचे) सैनिक त्याला खुणावतात आणि "मला पण खेळायचंय" ही भुणभुण रोज चालू असते. पण नियमांचं पुस्तक जाडजूड, खोक्यावर वय १२+ छापलेलं. एकदा बाबांनी सगळा खेळ पहिल्यापासून समजावून सांगायला घेतला, तर पोरगं थोड्याच वेळात उठून गेलं. मग बारा वर्षांचा होईपर्यंत थांबायचं का? आणि थांबायचं नसेल तर सुरुवात कुठून करायची?

थांबू नका. सात हे या खेळासाठी फार छान वय आहे. मी नॉटिंगहॅमला राहते. वॉरहॅमर बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय याच शहरात लेंटन भागात आहे, आणि आजूबाजूला मिनिएचर बनवणाऱ्या इतक्या कंपन्या आहेत की जुने खेळाडू या पट्ट्याला 'लेड बेल्ट', म्हणजे शिशाचा पट्टा म्हणतात. इथल्या एका क्लबात लहान मुलांचं टेबल मी बरीच वर्षं सांभाळते आहे. इंग्रज, पंजाबी, मराठी, पोलिश अशा सगळ्या घरांतली मुलं तिथे येतात. एवढ्या मुलांना पहिला डाव खेळवल्यावर एक गोष्ट मी ठामपणे सांगू शकते: मुलाला नियम शिकवायला बसू नका, त्याला निर्णय घ्यायला द्या. नियम सगळे तुमच्या डोक्यात राहू देत. त्याच्या वाट्याला प्रत्येक पाळीला एक खराखुरा निर्णय यायला हवा.

खोक्यावरचं १२+ मी असं वाचते: पूर्ण नियम, बारीक सुटे भाग, कटर आणि गोंद हे सगळं मुलाने एकट्याने हाताळायचं असेल तर बारा. तुम्ही शेजारी बसणार असाल आणि खेळ कापून छोटा करणार असाल, तर तो आकडा तुमच्यासाठी नाही. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर मात्र सैनिक, फासे, तुटलेले हात-पाय सगळं उंचावर ठेवा. ते सरळ तोंडात जातं.

आता बाबांचा डाव का फसला ते बघू, कारण बहुतेक घरांत तो तिथेच फसतो. वॉरहॅमर ४०,००० मध्ये, म्हणजे वॉरहॅमरच्या अंतराळातल्या खेळात, एका हल्ल्यासाठी एकामागून एक तीनदा फासे टाकावे लागतात. आधी नेम लागला का, मग जखम झाली का, मग समोरच्याच्या चिलखताने वाचवलं का. समजा स्पेस मरीननी, म्हणजे त्यातल्या चिलखतधारी वीरांनी, दुसऱ्या स्पेस मरीनवर दहा गोळ्या झाडल्या. नेम ३ किंवा जास्तला, म्हणजे दहापैकी साधारण पावणेसात लागल्या. जखम ४ किंवा जास्तला, म्हणजे त्यातल्या निम्म्या. चिलखत पुन्हा ३ किंवा जास्तला वाचवतं, म्हणजे उरलेल्यांतला एक तृतीयांशच आत शिरतो. हिशेब करा: दहा गोळ्यांतून सरासरी जेमतेम एक जखम. मोठ्या माणसाला या गाळणीत मजा वाटते, कारण प्रत्येक पायरीवर काय बदललं असतं हे त्याला दिसतं. सात वर्षांच्या मुलाला एवढंच दिसतं की मूठभर फासे तीनदा फेकले आणि समोरचे सगळे तसेच उभे. त्यात भर म्हणजे एक खेळाडू आपलं अख्खं सैन्य हलवतो आणि तोवर दुसऱ्याने बघत बसायचं. या वयात वाट बघणं म्हणजे खेळ संपणं.

म्हणून पहिला डाव असा ठेवा. दोन्ही बाजूंना चार-चार सैनिक, जास्त नकोत. एक सैनिक तुम्ही हलवायचा, मग एक त्याने. चाल किती? इथल्या नियमपुस्तकांत सगळं इंचांत असतं आणि शाळेत मूल सेंटिमीटर शिकतं, तेव्हा टेपच्या भानगडीत पडू नका. कंपासपेटीतली १५ सेंटिमीटरची पट्टी म्हणजे जवळपास ६ इंच, आणि स्पेस मरीनची चालही ६ इंचच असते. ती पट्टी टेबलावर ठेवायची, तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सैनिक जातो. मोजायचं काही उरतच नाही. गोळी मारायची तर दोन पट्ट्यांच्या आत. एक फासा टाकायचा, ४, ५, ६ आलं की लागली, आणि तो आडोशाच्या मागे असेल तर ५ किंवा ६ च हवं. बस, नियम संपले.

हे सगळं आधी सांगायचंही नाही. सैनिक मांडा, टेबलाच्या मधोमध एक वस्तू ठेवा (चावी, काजूची वाटी, काहीही) आणि म्हणा, "ही ज्याच्या हातात शेवटी असेल तो जिंकला. तुझा हा सैनिक या भिंतीमागे लपू शकतो, नाहीतर पळत जाऊन चावी उचलू शकतो. काय करायचं?" बघा, त्याने अजून एकही नियम ऐकलेला नाही आणि तरी तो विचार करायला लागला आहे. चावीपर्यंत पोचलं तर मी उघड्यावर असेन, हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. आडोशाचा नियम तेव्हा सांगा, जेव्हा त्याचा पहिला सैनिक भिंतीआड उभा असेल आणि तुम्ही त्याच्यावर नेम धरणार असाल. नियम ज्या क्षणी उपयोगी पडतो त्या क्षणी कळला की मूल तो विसरत नाही.

ती मधली वस्तू फार महत्त्वाची आहे. "समोरचे सगळे मारायचे" हे ध्येय दिलं की डाव एका रांगेत उभं राहून फासे फेकण्यावर येतो, आणि शेवटी ज्याचे सैनिक कमी होत जातात त्याला पुढचा अर्धा वेळ नुसता मार खायचा असतो. चावी उचलायची, कैदी सोडवायचा, पूल ओलांडायचा असं काही असलं की एकच सैनिक उरलेला असतानाही डाव जिंकता येतो. मूल शेवटच्या फेरीपर्यंत टेबलाला चिकटून राहतं ते यामुळे. फेऱ्या सहा ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात आटपायला हवं, आणि तो "अजून एकदा" म्हणत असतानाच थांबवा.

पडलेला सैनिक टेबलावरून उचलू नका, आडवा करून तिथेच ठेवा. हा नियम मला आमच्या टेबलावरच्या एका मुलीने दिला. तिची एक सैनिक पडली, तिच्या दुसऱ्या सैनिकाला चावी अगदी हाताशी होती, आणि ती मात्र पट्टी उलट्या दिशेने ठेवून पडलेलीकडे गेली. मला म्हणाली, "हिला उचलून नेता येईल?" पुस्तकात असं काही नव्हतं. मी म्हटलं, येईल, पण दोघींची मिळून चाल अर्धी. तिने ते मान्य केलं, तीन पाळ्या घालवून तिला टेबलाच्या कडेपर्यंत ओढत नेलं, डाव हरली आणि जाम खूश होती. पुढच्या वेळी त्या टेबलावरचं प्रत्येक मूल जखमींना उचलत होतं. मूल जेव्हा "असं करता येईल का?" विचारतं, तेव्हा जमेल तिथे हो म्हणा आणि त्याची काहीतरी किंमत ठरवा. मूळ प्रशियन युद्धखेळात हेच काम पंच करत असे. रायस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नियम बांधून दिलेला क्रीगस्पील लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी होता. त्यात खेळाडू हुकूम द्यायचे आणि त्याचं काय झालं ते पंच ठरवायचा. तुम्ही घरी तोच पंच आहात.

हरण्याबद्दल सगळेच विचारतात, आणि इथे माझं मत बऱ्याच पालकांना पटत नाही. मुद्दाम हरू नका. मुलांना ते कळतं, आज नाही तर महिन्याभराने, आणि एकदा कळलं की आधीचे सगळे विजय खोटे होतात. पण म्हणून चाळीस वर्षांच्या डोक्याने सात वर्षांच्या मुलाला धुऊन काढायचं असंही नाही. वाटा दोन आहेत. पहिली, सुरुवातीचे काही डाव दोघांनी एकाच बाजूने खेळायचे. समोरची बाजू ठरलेल्या सवयीने वागते: जो सगळ्यात जवळ त्याच्याकडे चालत यायचं, पोचलं की हल्ला. वॉरहॅमरमधले मुंगळ्यांसारखे अंतराळातले किडे, टिरॅनिड, यासाठी उत्तम, त्यांच्याकडे डोकं चालवायची अपेक्षाच नसते. मूल आणि तुम्ही मिळून आखणी करता, हरलात तर दोघं हरलात. दुसरी वाट, समोरासमोर खेळताना सवलत उघड ठेवायची. "माझे चार, तुझे सहा. तू लागोपाठ दोनदा जिंकलास की तुझे पाच." मुलाला आपण कुठल्या आकड्यावर आहोत हे माहीत असतं, आणि पाचवरून चारवर येणं हाच मोठा मान वाटायला लागतो.

चाल मागे घ्यायला द्या, फासा टाकेपर्यंत. फासा पडला की मात्र नाही, तुमच्यासाठीही नाही. ही एक रेघ पक्की असली की रडीचा डाव होत नाही. आणि रडू आलंच तर येऊ दे. डाव जिथे आहे तिथे ठेवून उठा, पाणी प्या, हवं तर उद्या पुढे खेळा. टेबल पसरलेलं राहिलं तर घरात थोडी कुरकुर होईल, पण अर्धवट डाव मोडून ठेवण्यापेक्षा ते बरं.

फाशांचं जरा सविस्तर सांगते, कारण या खेळातला शिकण्यासारखा खरा माल तिथे आहे. फासे टाकायच्या आधी दरवेळी विचारा, "किती लागतील?" समजा सहा फासे एकत्र टाकायचे आहेत, ४ किंवा जास्त हवं. पहिल्यांदा मूल "सहा!" म्हणतं. काही डावांनी "तीन" म्हणायला लागतं, कारण निम्मे लागतात हे त्याला दिसलेलं असतं. मग त्याला राग येतो की तीन येत का नाहीत. आणि येत नाहीतच. सहा फाशांत बरोबर तीन लागण्याची शक्यता ६४ पैकी २० आहे, म्हणजे तीनदा टाकले तर साधारण एकदा. उरलेल्या वेळी दोन, चार, कधी एक, कधी पाच. ६४ मध्ये एकदा सगळे चुकतात. हे सात वर्षांच्या मुलाला अपूर्णांकांत सांगायचं नाही. फ्रिजवर एक कागद लावा आणि सहा फासे टाकले की किती लागले त्या रकान्यात फुली मारत जा. थोड्या आठवड्यांत मधे उंच आणि कडेला उतरता असा डोंगर तयार होतो. "फासे माझ्यावरच रागावलेत" ही तक्रार त्या डोंगराकडे बोट दाखवून मिटते, आणि मग मूल स्वतःहून म्हणतं, "दोनच लागले तर काय करायचं ते आधी ठरवू या." असं म्हणणारं मूल सेनापती झालं असं मी समजते.

फासे टाकायला ताट द्या, आणि ताटात रुमाल घाला. नुसत्या स्टीलच्या ताटात आवाज असह्य होतो, आणि ताटच नसेल तर फासे थेट सैनिकांच्या अंगावर जाऊन तलवारी मोडतात. पाळी कोणाची यावरून भांडण होत असेल तर दोन रंगांची बटणं एका थैलीत घाला आणि न बघता एक काढा. ज्याचा रंग, त्याने एक सैनिक हलवायचा. वॉरलॉर्ड गेम्स कंपनीच्या बोल्ट ॲक्शन या वॉरगेममध्ये थैलीतून हुकमाचे फासे काढायची पद्धत आहे, ती इथे बटणांवर आणली. थैलीत हात घालायला मुलांना इतकं आवडतं की पाळी गेल्याचं दुःख राहत नाही.

चार-पाच वर्षांचं धाकटं भावंड मधे लुडबुडत असेल तर त्याला कच्चं लिंबू म्हणून घ्या, पण त्याच्या हातात फासा नको, गोटी द्या. उभ्या सैनिकांवर गोटी घरंगळवायची, पडला तो पडला. याला चांगला आधारही आहे: इंग्लिश लेखक एच. जी. वेल्सने १९१३ साली खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम 'लिटल वॉर्स' या छोट्या पुस्तकात छापले, त्यात तोफखान्यासाठी फासे नव्हतेच. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून लाकडी तुकडा उडवायचा आणि जो सैनिक पडेल तो गेला.

मैदानासाठी काहीही विकत आणू नका. पुस्तकांच्या चळतीवर चादर टाकली की डोंगर होतो, खोके कापले की घरं होतात. आणि महाराष्ट्रात वाढणाऱ्या मुलाला तर हे शिकवायचीही गरज नाही. दिवाळीत अंगणात किल्ला करताना त्याने माती, दगड, पोती वापरून तट, बुरूज, पायवाट सगळं केलेलं असतं, अळीव पेरून हिरवळ आणलेली असते आणि मावळे कुठे उभे करायचे यावर वादही घातलेला असतो. पहारेकरी दरवाजाशी का, तोफ बुरुजावर का, हे प्रश्न त्याच्या हातून आधीच सुटलेले आहेत. फक्त दिवाळीनंतर ते मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जातात. या वर्षी चार-सहा खाली ठेवा. मातीचे फुटतात, तेव्हा प्रत्येकाच्या पायाखाली जाड पुठ्ठ्याची चकती चिकटवा आणि मूल चकतीला धरून हलवेल अशी सवय लावा.

त्या मावळ्यांनिशी खेळायला मी पावनखिंडीचा डाव नेहमी सुचवते. १३ जुलै १६६०. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून पन्हाळ्यावरून शिवाजी महाराज पावसाळी रात्री निसटले आहेत, विशाळगडाकडे निघाले आहेत, आदिलशाही फौज पाठलागावर आहे आणि घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे मूठभर बांदल मावळ्यांसह उभे राहतात, गडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत. मराठी मुलाला गोष्ट ठाऊक असते. खेळ म्हणून तिचं सौंदर्य असं की जिंकणं आणि वाचणं या इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दोन फूट बाय तीन फुटांचं टेबल घ्या. मधे दोन्ही बाजूंनी पुस्तकं रचून खिंड करा, तीन सैनिक खांद्याला खांदा लावून उभे राहतील इतकीच रुंद. मुलाकडे बाजीप्रभू धरून आठ. तुमच्याकडे सहा, आणि तुमचा जो पडेल तो पुढच्या फेरीत टेबलाच्या लांबच्या कडेवरून परत येतो, कारण पाठलागावरची फौज संपत नाही. सगळे हातघाईवर. मुलाला लागायला ४ किंवा जास्त हवेत, तुम्हाला खिंडीतल्या मावळ्यावर ५, खिंडीबाहेरच्यावर ४. तुमचे तीन सैनिक खिंड ओलांडून पलीकडे गेले तर तुम्ही जिंकलात. चौथ्या फेरीच्या शेवटी मूल एक फासा टाकतं: ६ आला तर तोफा वाजल्या. पाचव्या फेरीनंतर ५ किंवा ६ चालतो, सहाव्यानंतर ४, ५, ६, आणि सातव्या फेरीनंतर तोफा वाजतातच. तोफा वाजल्या की मूल जिंकलं, मग खिंडीत कितीही जण उरलेले असोत.

यात निर्णय कुठला? आठांपैकी पुढे किती आणि मागे राखीव किती. पहिल्या डावात मुलं सगळे आठ पुढे घुसवतात, खिंडीबाहेर पसरतात आणि पटापट पडतात. दुसऱ्या डावात तीन पुढे, पाच मागे. मग प्रश्न येतो की बाजींना पुढच्या ओळीत कधी आणायचं. बाजीप्रभूंसाठी मी एक वेगळा नियम ठेवते: घाव लागला तरी ते पडत नाहीत, फक्त जागचे हलू शकत नाहीत. मुलांना हे पूर्ण न्याय्य वाटतं, कारण गोष्टीत तसंच आहे. पण त्याचा अर्थ असा की त्यांना लवकर पुढे आणलं आणि चुकीच्या जागी घाव लागला, तर ते तिथेच अडकले आणि बाजूने वाट मोकळी. हा खरा पेच आहे, आणि सात वर्षांची मुलं तो छान सोडवतात.

पुढच्या डावात बाजू बदला. मुलाला पाठलागाची फौज द्या. काही पालकांना हे आवडत नाही, मला आवश्यक वाटतं. इतक्या अरुंद जागेतून पुढे सरकणं किती अवघड आहे हे कळल्याशिवाय ती जागा निवडणाऱ्याची हुशारी कळत नाही. आणि समोरच्यांना राक्षस करू नका. तेही रात्रभर चिखलात धावलेले, भिजलेले शिपाई होते.

यातूनच तो प्रश्न येतो जो आजी-आजोबा हमखास विचारतात: पोराला लढाई कशाला शिकवायची? मी तो झटकून टाकत नाही. टेबलावर सैनिक आडवा पडतो तेव्हा मूल विचारतं, "हा मेला का?" तेव्हा खरं उत्तर द्या: खेळात तो बाद झाला, खऱ्या लढाईत माणसं मरतात, आणि त्यांची घरी कोणीतरी वाट बघत असतं. वेल्सने त्याच पुस्तकात म्हटलं होतं की छोटं युद्ध तीन-चारदा खेळून बघा, खरं युद्ध किती ढिसाळ आणि अनाठायी गोष्ट आहे ते आपोआप कळेल. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. मुलं ठरवलेली योजना कोलमडताना टेबलावर पुन्हा पुन्हा बघतात, आणि माझ्या बघण्यात त्यांच्या तोंडची लढाईची बढाई त्याने कमीच होते. मात्र वॉरहॅमर ४०,००० चं कथाविश्व मुद्दामच काळंकुट्ट आहे, मोठ्यांसाठी लिहिलेलं. सैनिक वापरा, कथा तूर्त बाजूला ठेवा. चिलखतातले वीर आणि अंतराळातले किडे एवढं सात वर्षांच्या मुलाला पुरतं, बाकी गोष्ट तो स्वतः रचतो.

रंगकामाबद्दल. एक सैनिक त्याचा स्वतःचा असू दे, आणि त्यावर तुम्ही ब्रश लावायचा नाही. नाक निळं झालं तरी नाही. कापणं तुमचं काम, प्लास्टिकच्या चौकटीतून भाग सुटे करायचं कटर मुलाच्या हाती नको. कडा घासायचं काम त्याचं. पॉलिस्टायरीनच्या सैनिकांना प्लास्टिक सिमेंट वापरा, ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. खिडकी उघडी ठेवा आणि बाटली स्वतःकडे ठेवा. सुपरग्लू मुलाच्या आसपास नकोच. पांढऱ्या प्रायमरवर (रंगाआधी द्यायच्या थरावर) पातळ रंग दिला की तो खाचांत उतरतो आणि उंचवट्यांवर फिका राहतो, छाया-प्रकाश आपोआप येतो. गेम्स वर्कशॉपच्या सिटाडेल या रंगांच्या ब्रँडचे २०१९ मध्ये आलेले कॉन्ट्रास्ट रंग याच तत्त्वावर आहेत आणि लहान हातांना फार मानवतात. ते महाग वाटले तर कॅमलचे ॲक्रिलिक पाणी घालून दोन पातळ हातांत द्या, सात वर्षांच्या मुलाच्या सैनिकाला ते पुरतात. स्प्रे प्रायमर पावसाळ्यात मारू नका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तो भुरभुरीत, पिठासारखा बसतो आणि बारीक नक्षी बुजते. जून ते सप्टेंबर ब्रशने लावायचा प्रायमर बरा.

एका गोष्टीत मात्र सूट नाही. बाबांच्या कपाटात जुने धातूचे सैनिक असतील, विशेषतः सत्तर-ऐंशीच्या दशकातले, तर त्यात शिसं असण्याची दाट शक्यता आहे. ते मुलाच्या हाती देऊ नका, घासायला तर मुळीच नाही. आणि सैनिक कुठलेही असोत, डाव संपला की हात धुवायचे, मगच खाऊ.

पुढची पायरी कधी? वयाकडे बघू नका, मूल काय विचारतंय ते बघा. "याच्याकडे मोठी बंदूक आहे, मग याला वेगळा नियम का नाही?" असं विचारलं की एक वेगळा नियम द्या. प्रत्येक डावात एकच नवी गोष्ट. "माझं चिलखत का नाही वाचवत?" असं विचारलं की बचावाचा फासा आणा. आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी वन पेज रूल्सचा ग्रिमडार्क फ्यूचर हा सोपा वॉरगेम मला आवडतो. त्याचे मूळ नियम फुकट मिळतात, पाळ्या आलटून पालटून असतात आणि हल्ल्याला दोनदाच फासे: मारणारा टाकतो, मग बचाव करणारा. दोघांच्याही हाताला काम राहतं, आणि कपाटातले वॉरहॅमरचे सैनिक त्यात जसेच्या तसे चालतात.

गेम्स वर्कशॉपचे पूर्ण नियम त्याने मागितले की द्या, आणि ते पुस्तक त्याच्या हातात द्या. दहा-अकराच्या आसपास बरीच मुलं मागतात. तेव्हाही अख्खं सैन्य विकत घेऊ नका. कॉम्बॅट पॅट्रोलचं एक खोकं म्हणजे एका बाजूचं छोटं सैन्य, आणि दुसरी बाजू कपाटात आहेच. भारतात मागवताना किंमत चढते, तेव्हा खेळणं सोडलेल्या कोणाकडून वापरलेले सैनिक मिळतात का ते आधी बघा. अर्धवट रंगवलेले असले तर उत्तमच, रंग काढून पुन्हा द्यायला दोन-तीन रविवार सहज जातात. पण कुठलं सैन्य घ्यायचं हे तुम्ही ठरवू नका. खेळात कोण बलवान, कोण दुबळं याचे सल्ले तुम्हाला बरेच मिळतील, ते बाजूला ठेवा. चित्रं दाखवा, आणि तो ज्या सैनिकापाशी थांबेल ते घ्या. तो रंगवायला महिने लागणार आहेत, आणि ते महिने त्याला टेबलापाशी बसवून ठेवायचं काम त्या सैनिकाच्या चेहऱ्यालाच करायचं आहे.